मामांच्या नाकासाठी पुण्याहून छावणीपर्यंत दहा लिटर बिअर

मामींचा फोन आला तेव्हा मी नववीच्या भूगोलाचे पेपर तपासत होते. एका कार्ट्यानं गोदावरी नदी गुजरातेतून वाहवली होती, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं. पलीकडून मामी म्हणाल्या, "वैशू, तुझे मामा जेवत नायत गं. येसर केलं, मटण केलं, शेंगदाण्याची चटणी केली. कागद चावल्यावानी चावतेत अन् ताट सारतेत. पार वाळून गेलेत."

मामांचा प्रश्न नाकाचा होता. मागच्या वर्षी एक जोरदार ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईलही किंवा नाहीही, रोज काहीतरी उग्र हुंगत राहा. दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर एवढं काही वाटलं नसतं. पण आमचे भास्करमामा चितेगावच्या एका बिअरच्या कारखान्यात तीस वर्षं नाकावर नोकरी करून निवृत्त झालेत. प्रयोगशाळेत बसायचं, प्रत्येक घाण्याची बिअर हुंगायची, तोंडात घोळवून थुंकायची आणि पास की नापास ते सांगायचं. गिळायची मात्र नाही. पंचशीलातलं पाचवं शील, नशा करणार नाही, हे मामांनी बिअरच्या कारखान्यात बसून पाळलं. त्याचा त्यांना भयंकर अभिमान. लग्नकार्यात भेटलेल्या कुणालाही ते पाच मिनिटांत ही गोष्ट सांगतात, आणि समोरचा पळून गेला नाही तर पुन्हा सांगतात.

आता माझ्याबद्दल. मी पुण्यात भूगोल शिकवते आणि घरी हौसेनं आयपीए बनवते. (शाळेत कळवू नका. आणि हे वाचून कुणाला हुरूप आला तर घरी बिअर करायचे, ती बाळगायचे, गाडीतून न्यायचे कायदे आधी बघा. मी भूगोलाची बाई आहे, वकील नाही.) आयपीए म्हणजे जिच्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं सढळ हातानं घालतात ती बिअर. नीट जमली की ग्लास तोंडाजवळ नेण्याआधीच आंबा, पेरू, लिंबाची साल असा वास अंगावर येतो. माझ्या घाण्याचा वास जिन्यात जातो, हे आमच्या सोसायटीच्या चेअरमननी लेखी कळवलेलं आहे. मला वाटलं, मामांच्या नाकाचं दार जर कशानं उघडेल तर ह्यानंच. नवरा म्हणाला, "अगं, माणूस जेवत नाही आणि तू बिअर नेतेस?" मी म्हटलं, "हुंगायला नेतेय." त्यानं पुढे काही विचारलं नाही, बारा वर्षांच्या संसारात तो तेवढं शिकला आहे.

निघण्याआधी, थोडं कामाचं

हॉप्सचा वास हवा असेल तर ती फार उकळायची नाहीत. सुरुवातीपासून उकळली की कडूपणा उतरतो आणि वास वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे जातो. आपण कोथिंबीर शेवटी वरून घालतो ना, तसंच. थोडी कडूपणासाठी सुरुवातीला, थोडी गॅस बंद करून पाणी जरा निवल्यावर, आणि सगळ्यात मोठी मूठ बिअर आंबत आल्यावर, गार असताना, नुसती वरून टाकायची. ती तीन-चार दिवस तशीच ठेवायची. हॉप्स ताजी हवीत, हवाबंद पाकिटातली, फ्रीजमधली. आणि एकदा का ती वरून पडली की झाकण उघडायचं नाही. हवा लागली की वास मेला. हे वाक्य जाड अक्षरात वाचा, कारण ह्या प्रवासाची सगळी रड तिथं आहे.

ही शेवटची मूठ छावणीत, मामांच्या घरी पोचूनच टाकायची असं ठरवलं, म्हणजे वास मामांसमोर ताजा. तेव्हा आंबत आलेल्या बिअरचं स्टीलचं पिंप पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि पहाटे निघाले.

पहिला दिवस: पुणे ते छावणी

रस्ता चांगला आहे. शिक्रापूर, रांजणगाव, अहिल्यानगर, नेवासा फाटा आणि पुढे सरळ. मध्ये दोनदा थांबून साडेपाच तास. शिक्रापूरच्या गर्दीतून सात वाजायच्या आत बाहेर पडा, नाहीतर तिथंच संसार मांडावा लागेल.

पिंपाच्या झाकणात एक नळी असते, तिच्यातून आतला वायू पाण्यात बुडबुडत बाहेर पडतो. गाडी खड्ड्यात गेली की पिंप जोरात बुडबुडायचं. टोलवरच्या माणसानं मान आत घालून विचारलं, "मॅडम, काय उकळतंय?"

"माझं डोकं," मी म्हटलं. त्यानं घाईनं दांडा वर केला.

नेवासा फाट्यावर चहा आणि गरम कांदाभजी घेतली. पिंपाला ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर माझी शाल पांघरली होती. भजीवाल्या मावशींनी काचेतून बघितलं आणि म्हणाल्या, "आजींना पण द्या की दोन भजी." मी एक प्लेट बांधून घेतली. समजावत कुठं बसणार?

छावणीत मामांच्या दारात गाडी लावली तेव्हा दुपार होत आली होती. "जय भीम मामा!" म्हणून वाकले आणि मान वर करून बघितलं. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. आमचे मामा म्हणजे आवाज. गल्लीच्या तोंडाशी ऐकू येणारा माणूस. ते हळू म्हणाले, "आलीस व्हय. बस."

पिंप कुठं ठेवायचं यावर मामींनी संसद भरवली. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, तिथं दारू चालणार नाही. स्वयंपाकघरात बुद्धमूर्ती, तिथंही नाही. शेवटी न्हाणीघर ठरलं. "औषध म्हून ठिवते मी," मामींनी मला बजावलं, "दारू म्हून नाय."

मी हात धुतले, झाकण उचललं, हॉप्सच्या हिरव्या गोळ्या आत टाकल्या आणि झाकण लावलं. फुलं वाळवून, दाबून केलेल्या ह्या गोळ्या सरकी पेंडीच्या गोळ्यांसारख्या दिसतात, पाण्यात फुगतात आणि वर हिरवा थर धरतात. मामी मागं उभ्या राहून बघत होत्या.

"ह्ये असंच ठिवायचं?"

"असंच. मामी, झाकण उघडायचं नाही. कुणीही आलं तरी नाही. हवा लागली की संपलं."

"नाय बाई, मी कशाला उघडू!"

रात्री येसर आमटी होती, भाजलेल्या धान्य-मसाल्याची, झणझणीत. ताटावर वाफ आली आणि मला चार घास जास्त जातील अशी भूक लागली. मामांनी भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात फिरवला, पाण्याबरोबर गिळला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वैशू, मिठाचं पाणी अन् ह्ये, मला सारखंच. तुझी मामी चुलीपुढं भाजून निघती अन् मला कळतच नाय काय केलंय ते. लाज वाटती." मामी उठून आत गेल्या. मी आमटीत बघत बसले.

दुसरा दिवस: खुलताबाद

डॉक्टरांनी उग्र हुंगायला सांगितलंय ना, मग खुलताबादला अत्तरं हुंगवू, असं मी ठरवलं. छावणीतून मिटमिटा, दौलताबादचा घाट, वर खुलताबाद. जेमतेम पाऊण तास. दौलताबादला रस्ता जुन्या दरवाजातून जातो आणि समोरून बस आली की एकानं मागं जावं लागतं. बस जात नाही, हे ध्यानात ठेवा. थंडीत वाटेवर पेरूवाले बसतात. घ्याच. मी पेरू फोडून मामांच्या नाकाला लावला. त्यांनी आज्ञाधारकपणे हुंगला आणि परत दिला.

दर्ग्याजवळ एक अत्तरवाले चाचा भेटले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते स्वतःच्या अब्रूवर घेतलं.

"फिकर नको मॅडम," म्हणाले, "पहले मोगरा."

मामांच्या डाव्या मनगटावर मोगरा. काही नाही. उजव्यावर खस. काही नाही. कोपरावर गुलाब, दंडावर चंदन, कानामागं हिना. चाचा दर वेळी वाकून मामांच्या तोंडाकडं बघायचे, परीक्षेचा निकाल बघावा तसं. मामा दर वेळी शरमून मान हलवायचे.

"अजी ये तो ऐसा है," चाचा चिडून म्हणाले, "दूल्हा लगाके निकला तो घोड़ा पलट के देखता! आप कैसे आदमी हो?"

"चाचा, मी काय मुद्दाम करतोय का?" मामाही चिडले.

मग जागा संपली म्हणून माझे हात घेतले. शेवटी चाचांनी एक काळी बाटली काढली, सगळ्यात उग्र असा ऊद होता, आणि तो मामांच्या मिशीलाच चोळला. आजूबाजूची दुकानं गोळा झाली. एक जण नारळ घेऊन आला, का ते मला आजतागायत कळलेलं नाही. मामांना काहीही आलं नाही. चाचांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. म्हणाले, इलाज झाला नाही तर कसले पैसे. मी जबरदस्तीनं मोगऱ्याची एक कुपी विकत घेतली.

परतताना गाडीत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एवढा वास. मी चारही काचा उघड्या ठेवून चालवत होते. घाटात मामा म्हणाले, "बाहेरून काय वास येतोय का गं? काचा उघड्या ठिवल्यास म्हून विचारलं." मला एकदम रडूच फुटलं. मी सांगितलं, अत्तर डोळ्यांत गेलं.

तिसरा दिवस: पैठण रोडनं चितेगाव

हा दिवस मामांचा. "मला कारखान्यावर ने," एवढंच म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घातला. पैठण रोडला ट्रकांची गर्दी असते, सकाळी अकराच्या आत जाऊन या. चितेगावच्या अलीकडं एका टपरीवर पोहे फार छान मिळतात, वर शेव आणि लिंबू, प्लेट मोठी.

कारखान्याच्या फाटकासमोर गाडी थांबवली. आत बिअरसाठी जव उकळत असावेत, कारण सगळ्या हवेत भिजवलेल्या धान्याचा गोड, गरम वास भरला होता. मला तो बसल्या जागी आला. मामा उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, डोळे मिटले आणि नाकानं मोठा श्वास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. वॉचमन ओळखीचा होता, त्यानं लांबूनच सलाम ठोकला, "भास्कर साहेब, आत चला की!" मामांनी हात हलवून नको म्हटलं.

गाडीत बसून म्हणाले, "तीस वर्षं फाटकातून आत शिरताना वासावरून सांगायचो, आज काय शिजतंय. लोक पैजा लावायचे माझ्यावर." आणि थोड्या वेळानं, "उद्या तुझी बिअर हुंगतो. त्याच्यानंतर मला कुणी काय हुंगाया सांगू नका. बास झालं."

आता माझी तंतरली. येताना मी गमतीगमतीत आले होते, आणि आता सगळं न्हाणीघरातल्या माझ्या पिंपावर येऊन ठेपलं होतं. संध्याकाळी पिंपाजवळ जाऊन झाकणाला नाक लावलं. नळीशी वास येत नव्हता, पण न्हाणीघरात फिनेल होतं, माझ्या अंगाला अजून ऊद होता, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. पिंप बर्फाच्या टबात बसवलं, सोबत आणलेल्या छोट्या टाकीतून बिअरला फेस आणणारा वायू सोडला आणि झोपले.

चौथा दिवस: निकाल

सकाळी बैठकीत (औषध म्हणून मामींनी तेवढ्यापुरतं चालवून घेतलं) आम्ही तिघं आणि शेजारच्या कमलताई. कमलताईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या फार हक्कानं येऊन बसल्या. काचेचे ग्लास धुतले, पिंपाला तोटी लावली, ओतली.

सोनेरी यायला हवी होती. आली ती गढूळ तपकिरी, चहा उरून संध्याकाळपर्यंत राहिला की होतो तशी. मी हुंगली. आंबा नाही, पेरू नाही, लिंबू नाही.

"मामी," मी म्हटलं, "झाकण कुणी उघडलं होतं?"

"उघडलं नाय बाई," मामी म्हणाल्या. "नुसतं खालीवर केलं."

"काय केलं?"

"अगं, ती तुझी हिरवी पेंड वरच तरंगत व्हती. मुरतच नव्हती. लोणचं न्हाय का, फोडी वर आल्या की रोज कोरड्या पळीनं खालीवर करावं लागतं, नायतर बुरशी धरती. तुला काय म्हायती असणार, तू विकतचं लोणचं खाती. म्हून सकाळ-संध्याकाळ करत व्हते. तुम्ही भायेर गेलात की."

"मी पन केलं," कमलताई अभिमानानं म्हणाल्या. "माझा हात लागला की लोणचं कधी नासत नाही. अख्ख्या गल्लीला विचारा."

"आणि पळी चांगली उन्हात तापवून घेतली व्हती," मामींनी पुस्ती जोडली. "घाणेरडी नाय घातली."

मी ओरडले. लाज वाटते सांगायला, पण खूप ओरडले. हवा म्हणजे काय, वास म्हणजे काय, पुण्याहून पट्टा लावून आणलं, सगळं बोलले. मामी पदराशी चाळा करत उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्यांचं औषध हाय म्हून मी... नीट मुरावं म्हून..." आता मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ह्या गोंधळात मामांनी ग्लास उचलला. शब्द दिला होता म्हणून, बाकी काही नाही. जुन्या सवयीनं ग्लास गोल फिरवला, वर हात झाकला, काढला, नाक आत घातलं.

आणि थांबले.

पुन्हा नाक घातलं. भुवया वर गेल्या.

"पुठ्ठा," मामा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

"भिजलेला पुठ्ठा! पावसात भिजलेलं खोकं!" मामा उठून उभे राहिले. "हवा लागलीय ह्याला! लई लागलीय! कुणी बनवली ही? रिजेक्ट! अख्खा घाणा रिजेक्ट!"

तो आवाज! गल्लीच्या तोंडाशी गेला असणार. मी ग्लास ओढून घेतला आणि हुंगला. खरंच की. बारीकसा, ओल्या पुठ्ठ्याचा. हवा लागलेल्या बिअरला हाच वास येतो, पुस्तकात वाचलं होतं, पण मी आंबा शोधत होते, मला तो आलाच नव्हता. मामा ज्या वासासाठी तीस वर्षं पगार घेत होते तो हा.

"मामा," मी रडत म्हटलं, "तुम्हाला वास आला."

"व्हय आला! घाण आला!" मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "अगं, इतकी बेकार बिअर मी उभ्या जन्मात हुंगली नाय!" एक घोट तोंडात घोळवला, दारात जाऊन थुंकला आणि परत येऊन मामींचे दोन्ही हात धरले. कमलताईंसमोर. मामी इतक्या लाजल्या की पदर तोंडावर घेतला. कमलताई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं? माझा हात लागला की..."

मग आम्ही वेड्यासारखं घरातलं सगळं मामांच्या नाकाशी नेलं. पेरू, काही नाही. मोगरा, काही नाही. येसर मसाला, काही नाही. फरशी पुसायचा ओला पोचा नेला. "शी! लांब ने!" आम्ही टाळ्या वाजवल्या. न्हाणीघराची मोरी, "हां, हां, आला!" कमलताईंनी नातवाचे मोजे आणून दिले आणि मामा त्या मोज्यांकडं असे बघत होते, जणू सत्काराचा हार आलाय.

परत पुण्यात

डॉक्टर म्हणे, नाक परत येताना कधीकधी वाईट वास आधी येतात, चांगल्यांना वेळ लागतो, कधी येतही नाहीत. हे मी फोनवर ऐकलं. चार दिवसांचा हिशोब मांडायला बसले तर माझ्याकडं उरलं काय? दहा लिटर बिअर मोरीत गेली, गाडीला अजून ऊद आणि मोगऱ्याचा वास आहे, आजींसाठी बांधून घेतलेली भजी मीच खाल्ली. आयपीएचं म्हणाल तर तुम्ही मी सांगितलं तसं करा, उत्तम होईल. आणि जाणार असाल तर थंडीत जा, दौलताबादचा दरवाजा सकाळी ओलांडा, खुलताबादला अत्तर लावून घेताना अंगभर लावून घेऊ नका.

गेल्या रविवारी मामींना फोन केला. भीतभीत विचारलं, "मामा जेवतात का?"

"जेवतेत की," मामी म्हणाल्या. "आता अंगाला बी लागाया लागलंय."

"म्हणजे येसरचा वास यायला लागला?"

"नाय गं, तसं कुठं. चांगला काय येतच नाय अजून." मग आवाज खाली केला, मामा बाहेरच्या खोलीत असावेत. "मी काय करते, पहिली भाकर तव्यावर तशीच ठिवते. पार जळूस्तवर. धूर निघाला की ह्ये भायेरून वरडतेत, अगं भाकर करपली, ध्यान कुठं हाय तुझं! अन् वरडत वरडत आत येऊन पाटावर बसतेत. मग मी दुसरी वाढते."